सासऱ्यांचा चष्मा कोणत्या पानावर आहे?

'मावशी, सलाम. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, ख्रिस्ती घरं सातच. पाळकसाहेब तालुक्याहून महिन्यातल्या एका रविवारी यायचे, पोळ्यापासून तेही आले नाहीत. सासरे होते तोवर रोज रात्री घरात प्रार्थना व्हायची. ते जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचं बायबल फळीवर तसंच आहे, चष्माही आतच, मी उघडून पाहिलं नाही. नवरा म्हणतो, "देवाचं तू पाय, मी वावराचं पायतो." फोनवर रोज वचनं येतात, मी पुढे पाठवते. पण आतून कोरडी पडले आहे. मोठी मुलगी विचारते, आपण आता ख्रिस्ती नाही का? पाळकसाहेबांची वरती तक्रार करू का?'

प्रिय मुली, सलाम.

तक्रारीचं आधी उरकते. तक्रार नको, फोन कर. तालुक्याच्या पाळकाकडे पुष्कळ गावं असतात. गाडी बंद असेल, घरात आजारपण असेल. विचारूनही उत्तर आलं नाही, तर मंडळीच्या वडीलधाऱ्यांच्या कानावर घाल. इतके महिने प्रभुभोजन, पाळकाच्या हातची ती भाकर आणि द्राक्षारस, न मिळणं ही लहान गोष्ट नाही.

पण पाळकसाहेब उद्या दारात उभे राहिले तरी तुझा कोरडेपणा जाईल, असं मला वाटत नाही. ते येत होते तेव्हाही तुझ्या वाटची प्रार्थना सासरेच करत होते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात पाळक आहेत, सासरे आहेत, नवरा आहे, फोन आहे. तू फक्त 'पुढे पाठवते' एवढ्यातच दिसलीस. याचा राग मानू नकोस. कर्तं माणूस घरात असलं की आपण त्याच्या मागे डोळे मिटून बसतो, 'आमेन' म्हणतो आणि उठतो. माझंही लग्नानंतर कितीतरी वर्षं तसंच चाललं होतं.

प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. त्याला तिकडे जाता येत नव्हतं. दुसऱ्या अध्यायात तो सांगतो, मी तुमच्यात होतो तेव्हा तुम्ही आज्ञा पाळलीत, आता मी जवळ नसताना तर त्याहून अधिक, भीत-कापत आपलं तारण साधून घ्या. पाळक येत नाही अशाच मंडळीला लिहिलेलं आहे हे. आणि लगेच पुढे म्हणतो, की इच्छा करणं आणि कृती करणं, दोन्ही तुमच्यात देवच घडवतो. म्हणजे काम तुझं, पण एकटीचं नाही.

आपल्या यवतमाळात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी, पाळक घडवणारी शाळा, सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. शिकवणारी माणसं येतात, जातात. तुमची सात घरं मात्र तिथेच राहणार आहेत.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातल्या, दिवे घेऊन वराला सामोऱ्या निघालेल्या दहा कुमारी तुला ठाऊकच आहेत. पाच शहाण्यांनी कुपीत जास्तीचं तेल घेतलं होतं, पाच मूर्खांनी नाही. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या होत्या, शहाण्यासुद्धा. झोपेबद्दल प्रभू कुणालाच बोल लावत नाही. फरक पडला तो तेलाचा, आणि ते ऐन मध्यरात्री उसनं मिळालं नाही. सासऱ्यांच्या कुपीतलं तेल तुला दोन वर्षं पुरलं, हेच खूप झालं.

वेळ नाही म्हणशील. कापूस वेचणीचे दिवस आहेत, मला कळतं. माझ्या आईला वाचता येत नव्हतं. रविवारी ती कुणाकडून तरी एक वचन ऐकून पाठ करायची आणि आठवडाभर तेच धरून असायची. निंदायला बसलेल्या बायांच्या ओळीत तिचे ओठ हलताना मी पाहिलेत. हात मातीत, विळा चाललेला, आणि मध्येच थांबून शेजारणीला विचारायची, 'त्या वचनात "मेंढपाळ" पहिला का "उणे" पहिलं?' ती तेविसावं स्तोत्र पाठ करत होती. एवढं एक स्तोत्र तिने पुरं पावसाळाभर चावलं.

तूही थोडंच घे. मार्काचं शुभवर्तमान सोळाच अध्यायांचं आहे. पहाटे चूल पेटवायच्या आधी अर्धा अध्याय वाच, मग पाच मिनिटं गप्प बस. शब्द सुचले नाहीत तर 'प्रभू, मी कोरडी पडले' एवढंच म्हण. तीही प्रार्थनाच आहे. फोन मात्र त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेव. आलेलं वचन स्वतः वाचल्याशिवाय पुढे ढकलायचं नाही, एवढा नेम कर.

नवऱ्यावर सध्या जोर करू नकोस, त्याच्या वाटचं उत्तर त्यालाच द्यावं लागेल. मुलीची गोष्ट वेगळी. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचा विश्वास त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला, असं पौल लिहितो. तिला तेल देता येणार नाही, पण ते कुठे मिळतं ते दाखवता येईल. तिला म्हण, 'आहोत आपण ख्रिस्ती. आजपासून तू वाच, मी ऐकते.' सात घरांतल्या दोन बाया रविवारी ओसरीवर आल्या, तर तीही उपासनाच होईल.

आणि मला वाटतं, तुझ्या कोरडेपणात अर्धं दुःखच आहे. सासऱ्यांसाठी तू अजून धड रडली नाहीस. ते बायबल तू उघडलं नाहीस, कारण उघडलं की ते खरोखरच गेले, असं होईल. म्हणून मार्काच्याही आधी हे कर. आज रात्री मुलांना जवळ घेऊन फळीवरचं बायबल काढ. चष्मा बाजूला ठेव. ते जिथे थांबले होते, ते पान मोठ्याने वाच. रडू आलं तर थांब, मग पुढे वाच.

कोणतं पान निघालं, ते मला कळव.

तुझी,
मावशी