लुंड, स्टॉकहोम, उप्साला : रविवारची गाडी आधी बदला

रविवारी सकाळी कोपनहेगनहून स्वीडनमधील लुंडला उतरायचे, कॅथेड्रल पाहायचे आणि दुपारी एकच्या गाडीने स्टॉकहोम गाठायचे, हा आपण सल्ल्यासाठी मांडलेला सहलीचा कार्यक्रम वाचून धस्स झाले, कारण आमच्या प्रवास कंपनीने आम्हालाही नेमका हाच आखून दिला होता.

लुंडच्या कॅथेड्रलमधले खगोलीय घड्याळ साधारण १४२४ सालचे असून दीर्घकाळ बंद राहिल्यावर ते १९२३ मध्ये पुन्हा सुरू झाले. एरवी ते दुपारी बारा आणि तीन वाजता वाजते, रविवारी मात्र पहिली वेळ एकची असते. माथ्यावरचे दोन योद्धे तलवारींच्या टोल्यांनी तास मोजतात, ऑर्गनचे सूर उमटतात आणि बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तिन्ही राजांच्या मूर्ती आपल्या सेवकांसह मेरीसमोरून सरकत जातात. आम्ही खास त्यासाठीच गेलो होतो. उपासना चालू असल्याने मागच्या बाकावर बसून राहिलो आणि ते वाजायच्या वेळी स्टेशनवर उभे होतो. कंपनीला लिहिले, तर उत्तर आले की कार्यक्रमात ‘कॅथेड्रल भेट’ आहे, घड्याळाचा उल्लेख कोठेच नाही! पैशांचा विषय काढताच पुढील सहलीवर सवलत देऊ केली गेली. पुढील सहल यांच्याबरोबर कोण करणार?

म्हणून, माझे स्पष्ट मत असे की लुंडला तीनच्या खेळापर्यंत थांबावे आणि मधल्या वेळात क्रिप्ट, म्हणजे कॅथेड्रलच्या तळघरातील प्रार्थनागृह, निवांत पाहावे. तिथली मुख्य वेदी ११२३ मध्ये अभिषिक्त झाली आणि एका खांबाला कवटाळून बसलेला फिन नावाचा दगडी राक्षस मुलांना फार आवडतो.

स्टॉकहोमच्या स्टोरशिर्कान या कॅथेड्रलमध्ये प्रवेशशुल्क आहे, पण १४८९ चे संत जॉर्ज आणि ड्रॅगनचे लाकडी शिल्प पाहता ते देणे परवडते. ड्रॅगनच्या अंगावर खरीखुरी एल्क हरणाची शिंगे बसवलेली आहेत. राजघराण्याच्या थडग्यांचे रिदरहोल्म चर्च मुख्यतः उन्हाळी हंगामात उघडते, त्यामुळे हिवाळ्याच्या कार्यक्रमात कोणी ते ‘समाविष्ट’ दाखवले, तर आतून की बाहेरून, हे लेखी विचारावे. उप्सालाचे कॅथेड्रल विनाशुल्क आहे. स्वीडनचा राजा गुस्ताव्ह वासा आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस दोघेही तिथेच विसावले आहेत, म्हणून त्याला अर्धा दिवस तरी द्यावा.

वेळा बदलतात, आणि अंत्यविधी किंवा संगीतसभा असल्यास दार ऐनवेळी बंद मिळू शकते. तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नका, निघण्याच्या आठवड्यात त्या त्या चर्चच्या संकेतस्थळावर खात्री करा. रोख रक्कम अनेक ठिकाणी घेत नाहीत, त्यामुळे स्वच्छतागृहापासून तिकिटापर्यंत सर्वत्र चालणारे कार्ड जवळ असू द्या.