आई पडली, हे शेजारणीला सांग

(आलेलं पत्र थोडं कमी करून देते आहे. नाव, संस्था आणि ओळख पटेल असं सगळं काढलं आहे.)

"मावशी, मी मूळची वसईची, धर्मभगिनी. अडीच वर्षांपूर्वी संस्थेनं मला मंगोलियाला पाठवलं. उलानबातर शहराच्या कडेला डोंगरउतारावर गेरची, म्हणजे गोल तंबूंची वस्ती आहे. तिथे आमचं केंद्र. दुपारी मुलांना गरम जेवण, मग अभ्यास, आणि ज्यांच्या आईवडलांनी लेखी परवानगी दिली आहे त्यांना रविवारी धर्मशिक्षण. मिस्साला वीस-बावीस माणसं, थंडीत तीही कमी. जिला मी वर्षभर बाप्तिस्म्यासाठी तयार केलं ती मुलगी कामासाठी कोरियाला गेली, जाताना सांगूनही गेली नाही. भाषा अजून जिभेवर बसत नाही. परवा बाप्तिस्मा शिकवताना मी 'पाणी' म्हणायच्या जागी 'केस' म्हणाले आणि मुलं हसून हसून लोळली. कॉन्व्हेंटात आम्ही चौघी चार देशांच्या, आपसात मोडकं इंग्रजी.

दोन महिन्यांपूर्वी आई ओटीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वहिनी फोनवर म्हणाली, 'जगाची सेवा करता, इथं आईचं भांडं कोण उचलणार?' मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. इथल्या कुणाला काही सांगितलं नाही. मिशनऱ्यानं लोकांपुढे रडायचं नसतं, असंच शिकलेय. तेव्हापासून रात्री तीन तासांच्या वर झोप नाही, जेवण जात नाही. मला परत बोलवा असं लिहू का? की माझीच श्रद्धा कमी पडतेय? 'देव बळ देईल' एवढंच लिहू नका. ते मी स्वतःच सगळ्यांना सांगत असते."

प्रिय सिस्टर,

तू मावशी म्हटलंस, म्हणून मीही अगंतुगं करते.

सगळ्यात आधी झोपेचं. दोन महिने तीन तास झोप आणि अन्नावरची वासना गेलेली, एवढ्यावर डॉक्टरकडे जायला हवं. आणखी काही होण्याची वाट बघू नकोस. उणे तीसची थंडी, दार उघडलं की नाकातोंडात कोळशाचा धूर, आणि दिवसचे दिवस त्याच चार भिंती. 2019 पासून उलानबातरमध्ये कच्चा कोळसा जाळायला बंदी आहे आणि लोक त्याच्या विटा जाळतात हे मला माहीत आहे, पण चुली तर पेटतातच ना. अशा ठिकाणी धडधाकट माणूसही खचतं. सुपीरियरना, म्हणजे तुमच्या कॉन्व्हेंटच्या प्रमुखांना, उद्या सकाळी चहाच्या वेळी सांग, "मला झोप येत नाही, मला डॉक्टरला दाखवायचंय." एवढं एक वाक्य पुरे. श्रद्धेचं काय ते नीट झोप लागायला लागल्यावर बोलू. तीन तासांच्या झोपेवर माणसानं स्वतःच्या श्रद्धेचा हिशेब मांडू नये, तो नेहमी तोट्यातच दिसतो.

आता वहिनी. ती टोचून बोलली, पण खोटं बोलली नाही. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कुशीवर वळवणं, भांडं देणं, रात्री दोनदा उठणं हे ती करतेय, रोज. तिला आधी एक फोन कर, फक्त तिच्यासाठी. आईची चौकशी नंतर. "तुझी पाठ कशी आहे?" एवढं विचार. आणि मग संस्थेकडे रजा माग. घरी जायची पाळी कधी येते याचे नियम संस्थेसंस्थेचे वेगळे असतील, पण आई अंथरुणावर असताना पाळीच्या आधी रजा मागणं हा काही गुन्हा नाही. लेखी माग. "जमलं तर" असं त्यात लिहू नकोस. महिनाभर ये, भांडं उचल, वहिनीला आठ दिवस तिच्या माहेरी जाऊ दे. निघण्याआधी तुझ्या निवासी परवान्याची तारीख तेवढी तपासून घे, नाहीतर परत जाताना तिथे अडशील.

तुझ्या पत्रात मला खरी बोच लागली ती दुसऱ्याच ओळीची. "इथल्या कुणाला काही सांगितलं नाही."

माझी थोरली बहीण 31 वर्षं टांझानियात होती, तुझ्यासारखीच धर्मभगिनी, एका खेड्यातल्या दवाखान्यात. आमचे बाबा गेले तेव्हा तार तिच्यापर्यंत पोचायला 11 दिवस लागले. तिनं ती वाचली, घडी घालून बायबलमध्ये ठेवली आणि रांगेतल्या बायकांना तपासायला गेली. त्या दिवशीही, दुसऱ्या दिवशीही. कुणाला काही बोलली नाही. वर्षभरानं बोलता बोलता गावातल्या एका बाईला कळलं. ती बाई जी भडकली! "आमच्या घरी कुणी गेलं की तू येऊन बसतेस. तुझा बाप गेला आणि आम्हाला तुझ्याजवळ बसू दिलं नाहीस. आम्ही कोण तुझे?" म्हातारपणी परत आल्यावर बहिणीनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज कापत होता. म्हणाली, त्या गावात 31 वर्षं काढली, पण खरी चूक केली ती हीच. मी सगळं त्यांना दिलं, पण त्यांच्याकडून घेतलं काही नाही.

म्हणून तुझ्या पत्रातलं म्हाताऱ्या शेजारणीचं पान मी तीनदा वाचलं. वर छापताना ते गाळलं, कारण त्याच्याबद्दल मला सविस्तर लिहायचं होतं. तू तिच्या गेरमध्ये गेलीस, उंबऱ्यावर पाय न देता. मधोमध चूल, शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्यांची. ते त्याला अर्गल म्हणतात असं तू लिहिलंस, आणि वास अगदी आजीच्या न्हाणीघरातल्या चुलीसारखा आला म्हणून तुला भरून आलं. तिनं मिठाचा दुधाळ चहा दिला. तू डाव्या हातानं घ्यायला गेलीस, तर तिनं तुझा उजवा हात पुढे घेतला आणि डावा हात त्याच्या कोपराखाली नेऊन ठेवला. मग विचारलं, "तुझी एज कुठे?" एज म्हणजे आई. तुला शब्द सुचेनात, तू फोनमधला फोटो दाखवलास. तिनं तो बराच वेळ बघितला आणि निघताना आरूलचे, त्या वाळवलेल्या दह्याचे, चार तुकडे तुझ्या मुठीत कोंबले, "एजला" म्हणून. आणि या सगळ्यावर तुझं एक वाक्य आहे: "त्या दिवशी माझं काहीच काम झालं नाही."

सिस्टर, त्याच बाईकडे जा. उजवा हात पुढे कर, चहा घे आणि तीन शब्द सांग. मी एका जाणकाराला विचारून घेतले आहेत. "मिनी एज उनसन." माझी आई पडली. याला व्याकरण लागत नाही, धर्मशिक्षणाचं पुस्तक लागत नाही. पुढे रडू आलं तर येऊ दे. मग रविवारी त्या वीस-बावीस माणसांनाही सांग आणि तुझ्या आईसाठी त्यांच्या भाषेत प्रार्थना करायला सांग. मंगोलियन भाषेत प्रार्थना केली की खोटं वाटतं, असंही तू लिहिलंयस. ती भाषा तू आजवर फक्त शिकवण्यासाठी वापरलीस, तिच्यात तुझं स्वतःचं दुःख अजून एकदाही बोलली नाहीस, मग ती तुझी कशी वाटणार? तुझ्या आईचं नाव एकदा त्यांच्या तोंडून ऐक.

लहान ख्रिस्तसभेला नुसतं देत राहिलं तर ती लहानच राहते, असं माझं मत आहे. तिच्याकडून मागावंही लागतं. तुमच्या कथीड्रलमधल्या मरियामातेच्या मूर्तीची गोष्ट तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. उत्तरेकडच्या दारखान शहराच्या बाजूला एका गरीब बाईला ती कचऱ्यात सापडली. बाई तेव्हा ख्रिस्ती नव्हती. तिनं मूर्ती पुसली, घरी ठेवली. पोप फ्रान्सिस 2023 मध्ये तिकडे आले तेव्हा त्या बाईला मुद्दाम भेटले. त्या देशातल्या कॅथलिकांना त्यांची लाडकी माउली एका बाहेरच्या बाईच्या हातून मिळाली आहे. तू चहा आणि सहानुभूती घ्यायला का लाजतेस?

आता आकड्यांचं. वीस-बावीस माणसं म्हणून तू खंतावतेस. 1992 मध्ये तीन मिशनरी तिथे पोचले तेव्हा त्या देशात एकही मंगोलियन कॅथलिक नव्हता. त्यांच्यातले फिलिपिन्सचे फादर वेन्सेस्लाओ पादिया पुढे तिथले पहिले बिशप झाले आणि 2018 मध्ये तिथेच वारले. पहिला मंगोलियन धर्मगुरू अभिषिक्त झाला तो 2016 मध्ये, म्हणजे 24 वर्षांनी. पोप आले तेव्हा अख्ख्या देशात कॅथलिक साधारण दीड हजार. आपल्याकडे एवढी माणसं एका मोठ्या लग्नाच्या पंगतीला असतात. आपल्या वसईच्या भरलेल्या देवळांचं माप तू तिकडे नेलंस. तिथे ते चालणार कसं? कोरियाला गेलेल्या मुलीचंही तेच. ती तुला सोडून गेली नाही गं, पोटासाठी गेली. आपल्या घरांतली माणसं आखातात गेली तेव्हा आपण त्यांची श्रद्धा गेली असं म्हटलं का? तिचा नंबर मिळव, नाताळला संदेश पाठव. तिथे चर्चेस खूप आहेत.

आणि ते केस-पाणी! मी एकटीच बसून हसले, माफ कर, पण प्रेमानं. पाणी म्हणजे 'उस' आणि केस म्हणजेही आपल्या कानाला 'उस'च, फक्त पहिल्यातला, पाण्यातला उकार जरा सैल, ओकाराकडे झुकलेला म्हणायचा. आपल्या जिभेला तो स्वर माहीत नाही. पण त्यांच्या चहातला, 'त्साय'मधला पहिला उच्चार बघ, तो आपल्या चाकातल्या, चमच्यातल्या 'च'च्या अगदी शेजारचा आहे. बाकीच्या तिघींना त्यासाठी कसरत करावी लागत असेल, तुला तो आईनं दिलाय. मुलं हसली म्हणजे ती ऐकत होती. पुढच्या रविवारी त्यांनाच फळ्याजवळ उभं कर आणि म्हण, मला शिकवा. ज्या मुलानं सिस्टरला 'पाणी' म्हणायला शिकवलं, तो बाप्तिस्म्याचा तो धडा जन्मात विसरणार नाही.

रुब्रुकचा विल्यम नावाचा फ्रान्सिस्कन संन्यासी 1254 मध्ये तिकडे, काराकोरम या तेव्हाच्या मंगोल राजधानीत खानाच्या दरबारी होता. त्यानं लिहून ठेवलंय की थोडी भाषा कळायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण एक बोलतो आणि दुभाष्या तोंडाला येईल ते भलतंच सांगतो. एवढा दूर गेला, आणि त्याच्याच हिशेबानं बाप्तिस्मे झाले सहा. आणि उलट बाजूनं बघायचं तर आपल्या गोव्यात बघ. इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये आले आणि त्यांचं मराठी ओव्यांमधलं ख्रिस्तपुराण छापलं गेलं 1616 मध्ये. मधे 37 वर्षं गेली. त्या 37 वर्षांत त्यांनी कोणते शब्द चुकवले असतील आणि कोण पोरं हसली असतील, ते कुणी लिहून ठेवलं नाही एवढंच. तुझी अडीच झाली आहेत.

कॉन्व्हेंटातल्या चौघींचं फार मनावर घेऊ नकोस. चार देशांच्या चार बायका एका स्वयंपाकघरात असल्या की मिठावरून, मिरचीवरून, खिडकी उघडण्यावरून वाजतंच. आठवड्यातून एक दिवस ज्याच्या त्याच्या घरचा स्वयंपाक करा. आपल्या सुकेळ्यांचं, वाळवलेल्या केळ्यांचं, एक पाकीट तिकडे उघडून बघ, भाषा लागत नाही.

मग परत बोलावण्याचं. आत्ता लिहू नकोस. हिवाळ्यात, झोपेविना, आई अंथरुणावर असताना घेतलेला निर्णय तुझा नसेल, थकव्याचा असेल. आधी डॉक्टर, मग आईकडे महिनाभर, मग परत जा आणि जुलैतला नादामचा सण त्या लोकांबरोबर काढ. वस्तीतल्या मुलांना घोड्यावर बघ. त्यानंतरही मन म्हणालं की पुरे, तर सरळ लिही, मला परत यायचंय. त्यात लाज काही नाही. मिशनवरून परतलेल्या कितीतरी सिस्टर मी पाहिल्या आहेत ज्यांनी इथल्या आदिवासी पाड्यांत, इस्पितळांत पुढची वीस वर्षं सोन्यासारखी काढली. आणि राहिलीस तर शेजारणीला आईची खबर देणारी सिस्टर म्हणून राहा, नळ सोडून रडणारी म्हणून नको.

फोनचं एक सुचवते. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तुझी संध्याकाळची प्रार्थना आटोपून आठ वाजले की इथे साडेपाच होतात, आईच्या चहाची वेळ. रोज नको, मंगळवार आणि शनिवार ठरव, दहा मिनिटं. व्हिडिओ नको असेल तर नुसता आवाज. वहिनीनं फोन आईच्या उशीशी ठेवायचा आणि स्वतः जरा बाहेर जाऊन बसायचं, ही तिची हक्काची दहा मिनिटं.

आणि आईचा पत्ता मला एकटीलाच कळव, इथे छापणार नाही. मी निर्मळला राहते. रविवारी दुपारी मी मोकळी असते, जाऊन बसेन तिच्याजवळ, वहिनीला सांगून ठेव. त्या म्हातारीनं दिलेले आरूलचे तुकडे अजून असतील तर कुणी येणाऱ्याबरोबर पाठव. कुणी पाठवले आणि का, हे मी आईला सांगेन.

तुझी,
मावशी