बेबी रजिस्ट्री करताना बाळंतिणीलाही यादीत घ्या

नोव्हेंबरमध्ये बाळ येणार, ऑफिसातल्या मैत्रिणी बेबी रजिस्ट्रीची, म्हणजे बाळासाठी हव्या असलेल्या वस्तूंच्या ऑनलाइन यादीची, लिंक मागताहेत, लोकांकडे वस्तू मागायच्या म्हणजे कसंतरीच वाटतं आणि तिकडे पुण्याहून सासूबाईंनी बजावलंय की बाळ जन्मायच्या आधी घरात काही आणायचं नाही. तुम्ही पत्रात लिहिलेलं हे सगळं इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत झालेलं आहे. माझी दोन्ही बाळंतपणं इथलीच, आणि त्यानंतर मराठी मंडळातल्या बऱ्याच मुलींसोबत बसून त्यांच्या याद्या केल्यात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी संकोचाचं. आपल्याकडे बाळंतविडा ठरलेला असतो. झबली, टोपडी, दुपटी, कुंची, लंगोट, चांदीची वाटी. माहेरच्यांना वेगळं सांगावं लागत नाही. इथल्या तुमच्या सहकाऱ्यांना तुमच्या घरात काय आहे, काय हवंय हे कळायला मार्गच नाही. ते देणार हे नक्की. यादी दिली नाहीत तर न्यूबॉर्न मापाचे कपडे आणि मऊ खेळण्यांचा ढीग जमतो, आणि त्यातलं बरंचसं महिन्याभरात निरुपयोगी होतं. त्यामुळे निःसंकोच लिंक द्या. ज्यांना पाकीटच द्यायचंय ते काका-काकू तरीही पाकीटच देतील, त्यांना लिंक पाठवायची गरज नाही.

यादी करताना फक्त पहिल्या तीन-चार महिन्यांचा विचार करा. बाळ झोपणार कुठे, गाडीतून जाणार कसं, पिणार काय, त्याची स्वच्छता कशी होणार, आणि तुमची काळजी कोण घेणार. हे शेवटचं दुकानांच्या तयार याद्यांमध्ये जवळपास नसतंच. त्यावर पुढे येते. वॉकर, हाय चेअर, सहा महिन्यांनंतरची खेळणी आत्ता नकोत. वाढदिवस, बारसं, उष्टावण असे प्रसंग पुढे आहेतच.

कारसीटवर, म्हणजे बाळाला गाडीत बांधून बसवायच्या सीटवर, सगळ्यात जास्त वेळ घालवा. तिच्याशिवाय इथे हॉस्पिटलमधून बाळाला गाडीने घरी नेता येत नाही. न्यू जर्सीत लहान बाळाला मागे तोंड करून, पाच पट्ट्यांच्या सीटमध्ये बसवणं कायद्याने बंधनकारक आहे. इथे विकली जाणारी प्रत्येक सीट त्याच केंद्रीय सुरक्षा नियमात बसावी लागते, म्हणून महाग म्हणजे जास्त सुरक्षित असं समजू नका. तुमच्या गाडीत ती घट्ट बसते का आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला पाय ठेवायला जागा उरते का, हे दुकानात नेऊन बघा. कारसीटला एक्स्पायरी असते, तारीख तिच्याच लेबलवर छापलेली असते. कोणी प्रेमाने जुनी देऊ केली, तर ती सीट कधी अपघातात सापडली नव्हती हे स्वतःच्या खात्रीने सांगू शकणारं जवळचं माणूस असेल आणि तारीख उलटलेली नसेल तरच घ्या. बाकी कोणाला गोड बोलून नाही म्हणा. सीट बसवून झाली की प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून एकदा तपासून घ्या; बऱ्याच गावांत पोलीस किंवा फायर स्टेशनमध्ये ही तपासणी फुकट होते. बाळंतपणाच्या तारखेच्या किमान तीन-चार आठवडे आधी हे उरकून टाका.

तुमचं बाळ थंडीतलं, म्हणून आणखी एक. जाड कोट किंवा फुगीर स्नोसूट घालून बाळाला पट्ट्यांमध्ये बांधू नका. धडक बसली की कोट दबतो, पट्टा सैल पडतो आणि बाळ निसटू शकतं. आधी साध्या कपड्यांवर पट्टे आवळायचे, छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत आणायची आणि मग वरून पांघरूण घालायचं. सीटबरोबर न येणाऱ्या, बाळाच्या पाठीखाली घालायच्या गाद्या आणि पिशव्या यादीतून काढूनच टाका.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे झोपायची जागा. इथले बालरोगतज्ज्ञ एकच सांगतात: बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, आईबाबांच्या खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या बिछान्यात, आणि त्या बिछान्यात बाळाशिवाय काही नाही. उशी, रजई, कडेच्या गाद्या, बाहुल्या काही नाही. कडेच्या मऊ गाद्या आणि दहा अंशांपेक्षा जास्त उताराचे, बाळाला झोपवायचे स्लीपर यांच्यावर 2022 च्या केंद्रीय कायद्याने बंदीच घातली. तरी जुन्या वस्तूंच्या ग्रुपवर आणि गराज सेलमध्ये त्या अजून दिसतात. बाजू खाली सरकणारे पाळणे 2011 पासून विकायला बंदी आहे, तेही कोणाकडून घेऊ नका. सुरुवातीला बॅसिनेट, म्हणजे छोटा पाळणा, पुरतो. बाळ कुशीवर वळायला लागलं की तो बंद करायचा आणि क्रिब, म्हणजे कठड्याचा मोठा पाळणा, वापरायचा. म्हणून बॅसिनेट ओळखीतून मिळाला तर मॉडेल रिकॉलमध्ये, म्हणजे दोषामुळे कंपनीने परत मागवलेल्यांत, नाही एवढं बघून घ्या, आणि नवा क्रिब नि गादी यादीत ग्रुप गिफ्ट म्हणून टाका. पांघरुणाऐवजी दोन-तीन स्लीप सॅक, म्हणजे बाळाला अंगात घालायच्या झोपेच्या पिशव्या, टाका, वजन भरलेल्या नकोत.

इथे आजीशी थोडं बोलावं लागेल, आणि ते ती भारतातून निघायच्या आधीच झालेलं बरं. मोहरीची उशी, पाळण्यात अंथरायची गोधडी, जन्मापासून डोळ्यात काजळ, बाळगुटी, मधाचं बोट. काजळात शिसं सापडतं म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिलेला आहे. मध वर्षाच्या आत बाळाला देत नाहीत, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. गुटीचं बाळाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आजीला नुसतं ‘हे आणू नका’ म्हटलं तर ती हिरमुसते, म्हणून तिला दुसरं मनापासून मागा. जुन्या सुती साड्यांची दुपटी, पुढे बंदाची झबली, लोकरीची टोपडी. नाळ गळून पडेपर्यंतच्या दिवसांत पुढे उघडणाऱ्या झबल्याइतकं सोयीचं इथल्या दुकानात काही मिळत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगते. गोधडीही येऊ दे. बाळाला जागेपणी जमिनीवर पालथं ठेवायला ती उत्तम.

जन्माआधी काही आणायचं नाही, हे सासूबाईंचं म्हणणं मोडू नका, त्यात त्यांची काळजी आहे. रजिस्ट्रीवरच्या वस्तूंचा पत्ता एखाद्या मैत्रिणीच्या घरचा द्या, खोकी तिच्याकडे बंदच राहू देत. बाळ झाल्यावर बाबा जाऊन घेऊन येतो. फक्त कारसीट आणि झोपायची जागा याला अपवाद. कारसीट गाडीत बसते, घरात येत नाही, एवढ्यावर बऱ्याच आज्यांची समजूत पटते. बॅसिनेट खोक्यातच ठेवा, जोडायला वेळ लागत नाही.

खाण्यापिण्याच्या वस्तूंचं थोडक्यात. ब्रेस्ट पंप रजिस्ट्रीत टाकू नका. अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट या आरोग्य विम्याच्या कायद्यामुळे बहुतेक विमा योजनांना तो द्यावाच लागतो. सातव्या महिन्यात विमा कंपनीला फोन करा. बाटल्या एकाच कंपनीचा मोठा सेट न मागता दोन-तीन प्रकारच्या एकेक मागा, कारण कोणतं निपल घ्यायचं ते बाळ ठरवतं. बाटली गरम करायचं यंत्र, वाइप्स गरम करायचं यंत्र, दोन्ही नकोत. थर्मामीटर मात्र चांगला हवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर लगेच डॉक्टरांना फोन करायचा असतो.

डायपर दिवसाला आठ ते बारा लागतात, तरी न्यूबॉर्न मापाचा साठा नको. बाळ साधारण 10 पौंडांचं झालं की ते माप संपलं. एक आणि दोन नंबर मागा. कपड्यांच्या बाबतीत महिना मोजून बघा. तुमचं बाळ मे महिन्यात सहा महिन्यांचं होईल, त्या मापाचे लोकरी कपडे कपाटात पडून राहतील.

आता बाळंतिणीचं. माहेरी असतो तर शेक-शेगडी, मालिशवाल्या बाई, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आयतं गरम ताट हे न मागता मिळालं असतं. इथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी पाठवतात, आणि आई किंवा सासूबाई आल्या तरी परक्या देशात, थंडीत, गाडी न चालवता त्या किती करणार? सगळ्या दुकानांतल्या वस्तू एकत्र जोडता येतात अशा बेबीलिस्टसारख्या रजिस्ट्रीवर मदत आणि पैशांचा फंडही टाकता येतो. तिथे पहिल्या महिन्याचा डबा टाका. एडिसन-इझलिन भागात घरगुती डबा देणाऱ्या बायका आहेत. घर साफ करणाऱ्या बाईंच्या दोन-चार फेऱ्या टाका. मालिश, स्तनपान सल्लागाराची भेट, रात्री एखाद्या डूलाची, म्हणजे बाळ-बाळंतिणीला सांभाळणाऱ्या बाईंची, मदत. आणि पुढून उघडणारे दोन-तीन सुती गाऊन, फीडिंग पिलो, सोफ्याजवळ ठेवायची मोठी पाण्याची बाटली. ‘काय देऊ?’ असं मनापासून विचारणाऱ्या मैत्रिणीला सांगा, मंगळवारी वरण-भात आणि भाजी घेऊन ये आणि मी अंघोळ करेपर्यंत बाळाजवळ बस. माझ्या ओळखीतल्या मुली वर्षांनंतर ज्या भेटीची आठवण काढतात ती बहुतेक वेळा हीच असते. बाबाची रजाही आत्ताच ठरवा. न्यू जर्सीत पात्र असलेल्या आई आणि बाबा दोघांनाही फॅमिली लीव्ह इन्शुरन्समधून 12 आठवड्यांपर्यंत पगाराचा काही भाग मिळतो, आणि बऱ्याच बाबांना हे माहीतच नसतं.

किमतींचं म्हणाल तर बऱ्याच वस्तू 25 डॉलरच्या आतल्या असू देत, म्हणजे कोणालाच अवघड होत नाही, आणि स्ट्रोलर-क्रिबसारख्या मोजक्या मोठ्या वस्तू ऑफिसच्या ग्रुपसाठी ठेवा. स्ट्रोलर तुम्ही जिन्याने वर नेणार असाल तर त्याचं वजन आधी बघा, रंग नंतर. उरलेल्या वस्तूंवर टार्गेट आणि अ‍ॅमेझॉन तारखेच्या साधारण दोन महिने आधी कंप्लीशन डिस्काउंट देतात, त्याच्या अटी वाचून ठेवा आणि मोठ्या राहिलेल्या वस्तू तेव्हाच घ्या. रजिस्ट्री नावाने शोधली की कोणालाही दिसू शकते, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ती फक्त लिंकवाल्यांपुरती करा. कारसीट, क्रिब, स्ट्रोलर यांच्या खोक्यात नोंदणीचं कार्ड येतं, ते फेकू नका. भरून पाठवलंत तर रिकॉल झाल्यावर कंपनी तुम्हाला थेट कळवते.

डोहाळजेवणाची तारीख मात्र या आठवड्यातच ठरवा. गणपती उरकले की पितृपक्ष लागतो आणि मग एकदम नवरात्र, तेव्हा हॉल मिळत नाहीत. पितृपक्षाआधी करणार असाल तर यादी आमंत्रणाबरोबर जायला हवी, म्हणजे तुमच्या हातात फारसे शनिवार-रविवार नाहीत. कारसीटची दुकानातली फेरी पहिल्याच शनिवारी करा.