आईला दर महिन्याला शक्तीची सलाईन लावावी का?

तुम्ही विचारलंय की आई ६२ वर्षांची आहे, सारखा थकवा असतो, चार पावलं चाललं की बसावं वाटतं, आणि गावातले सगळे सांगतात की महिन्याला एक शक्तीची सलाईन लावून आणा. तर लावावी का?

नका लावू. थकवा कशाचा आहे ते आधी शोधा.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेवीस वर्षं दवाखाना चालवतोय. "डॉक्टरसाब, एक बाटली लावा की, अंगात जीवच नाही" हे वाक्य ऐकलं नाही असा दिवस आठवत नाही. ज्वारीची काढणी झाली, कापसाची वेचणी संपली, लग्नसराई उरकली की बाकावर रांग लागते. काहींना बाटली पिवळीच लागते. तो पिवळा रंग बी-कॉम्प्लेक्समधल्या रायबोफ्लेविनचा. नंतर लघवी पिवळी होते तीही त्याचीच, म्हणजे घातलेलं बरंचसं जीवनसत्त्व वाहून जातं.

साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजच्या ५ टक्क्यांच्या तेवढ्याच बाटलीत पाणी आणि २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आतच कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत दोनशेच्या वर असतात. मूठभर शेंगदाणे त्या बाटलीच्या दीडपट-दुप्पट भरतात, शिवाय त्यात प्रथिनं आहेत. बाटलीचे तीन-चारशे रुपये जातात, तेवढ्यात रक्ताची तपासणी होते.

तरी लोकांना बरं वाटतं आणि ते खोटं बोलत नाहीत. मे महिन्यात दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी खरंच कमी झालेलं असतं, ते भरून निघतं. पण मी दुसरी एक गोष्ट जास्त पाहिलीय. बाई दोन तास पंख्याखाली आडवी पडते. सून उशाशी बसते, नवरा चहा आणतो, कुणी तिला पाणी भरायला उठवत नाही. वर्षभरात तिला एवढाच आराम मिळतो. तो घरी द्या, त्याला सुई लागत नाही.

आता माझ्या घरातलं सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचला आणि रात्री झोप लागली नाही.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हार्ट अटॅक येऊन गेला होता. हृदयाची पंपाची ताकद तीस टक्क्यांवर आलेली. अशा माणसाला थकवा असतोच, आणि त्याच्या अंगात पाणी कमी नसतं, जास्त असतं. पाय सुजतात, आडवं पडलं की दम लागतो, उशा एकीच्या दोन, दोनाच्या तीन होतात. मी त्यांना लघवीची गोळी दिली, लोणचं-पापड बंद केलं, भाजी अळणी करायला सांगितली आणि घरी वजनकाटा आणून ठेवला. रोज सकाळी लघवी करून आले की काट्यावर उभं राहायचं आणि आकडा वहीत लिहायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर मला फोन. अण्णा चौथी शिकलेले, पण एक दिवस चुकवला नाही त्यांनी.

गावाकडं थोरला भाऊ शेती बघतो. त्याला हे पटत नव्हतं. "अण्णा वाळत चाललेत, अळणी खाऊन माणूस कसा उभा राहील? एक बाटली लाव ना बाबा." मी समजावलं. त्यानं ऐकून घेतलं, पण माझं म्हणणं त्याच्या मनात उतरलं नाही. मी नांदेडला एका लग्नाला गेलो होतो, त्या दिवशी तो अण्णांना बाजाराच्या गावी दुसऱ्या एका डॉक्टरकडं घेऊन गेला. तिथं दुपारभरात तीन बाटल्या लावल्या. दीड लिटर पाणी, साडेतेरा ग्रॅम मीठ. धडधाकट माणसानंसुद्धा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि हे तर थेट शिरेतून. पायाला सूज आहे का, उताणं झोपता येतं का, हे तिथं कुणी विचारलं नाही.

रात्री अकराला फोन आला. "अण्णाला दम लागायलाय, झोपताबी येईना." मी म्हणालो, आडवं करू नको, बसवून ठेव, पाय खाली सोड, जीपमध्ये घाल आणि माझ्या दवाखान्यात आण. मी नांदेडहून निघालो. पोचलो तेव्हा अण्णा बाकाची कड धरून बसले होते, ओठ निळे, तोंडाला गुलाबी फेस. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. ऑक्सिजन लावला, लघवीचं इंजेक्शन शिरेतून दिलं. पहाटेपर्यंत दोन लिटरच्या वर लघवी झाली आणि ते बोलायला लागले. पहिलं वाक्य होतं, "दादाला काही बोलू नकोस."

मी बोललो नाही. अण्णा त्यानंतर सोळा महिने जगले आणि दुसऱ्या अटॅकनं गेले. तेराव्याच्या दिवशी सगळ्या भावकीसमोर दादा म्हणाला, "घरात डॉक्टर असून यानं बापाला एक बाटली लावली नाही." आत्या, मामा, शेजारी, सगळे खाली मान घालून बसले. कुणालाच ते खोटं वाटलं नसणार. आमच्याकडं बाटली लावणं म्हणजे बापासाठी काही केल्याचा पुरावा असतो. अळणी भाजी आणि वजनाची वही कुणाला दिसत नाही.

दादा वाईट माणूस नाही. अण्णांना त्यानं पोटच्या लेकरासारखं धुतलं-पुसलं, ते मी केलं नाही, हेही लिहून ठेवतो. पण जिव्हाळा आहे म्हणून माणसाचं म्हणणं बरोबर ठरत नाही. मला याहून जास्त राग डॉक्टरांचा आहे. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना आम्हाला पहिल्या वॉर्डापासून एकच सांगितलं जायचं, बाटली लावण्याआधी पाय दाबून बघा. दहा सेकंदांचं काम आहे. पेशंट मागतो म्हणून दिलं, नाही दिलं तर तो शेजारी जाईल, हे कारण मीसुद्धा सुरुवातीची दोन वर्षं स्वतःला दिलंय. ते चूक होतं.

जुलाबाचा पेशंटही बाटलीच मागतो. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालातल्या बनगावला, कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आली होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी लोकांना तोंडानं पाजायला लावलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू ३.६ टक्क्यांवर आले. तशाच पाण्याची पुडी, म्हणजे ओआरएस, आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. फक्त मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात कालवायची. आपल्याकडं ती पेल्यात कालवतात, मग ती फार खारट होते आणि पोराला अपाय करते.

आता याचा उलटा अर्थ घेऊ नका. सतत उलट्या होऊन तोंडानं काही टिकत नसेल, उन्हानं माणूस बेशुद्ध पडला असेल, डेंग्यूत रक्तदाब उतरला असेल, ऑपरेशन असेल, तर सलाईन जीव वाचवते आणि तिथं उशीर करायचा नसतो. तेव्हा माझं हे उत्तर दाखवून डॉक्टरांशी वाद घालू नका.

तुमच्या आईचं म्हणाल तर त्यांना तपासल्याशिवाय मी निदान सांगणार नाही. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि एक ईसीजी करून घ्या, आणि बी-१२ जमलं तर. आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं फार, आणि त्या शेवटी जेवतात, उरलेलं जेवतात, हेही बघा. आज रात्री एवढं करा. त्यांच्या नडगीवर, घोट्याच्या वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा पडून तसाच राहिला, किंवा उशी उंच केल्याशिवाय झोप लागत नसेल, तर कुणी कितीही आग्रह केला तरी बाटली लावू द्यायची नाही. उद्याच फिजिशियनकडं न्या.

अण्णांची वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. लग्नाच्या दिवशी सकाळी ५८.४. दुसऱ्या दिवशीची ओळ कोरी आहे, ते दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा त्यांच्याच अक्षरात आकडे आहेत, सोळा महिने. दादाला ती अजून दाखवलेली नाही. या पोळ्याला गावी जाईन तेव्हा सोबत नेणार आहे.