अंतरपाट दूर होतो तेव्हा फोटोग्राफर कुठे उभा असतो?

प्रश्न : माझ्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात इथल्याच एका कार्यालयात आहे. तीन फोटोग्राफरांनी दर दिलेत : ५५ हजार, ९० हजार आणि दीड लाख. इन्स्टाग्रामवर तिघांचंही काम सुरेखच दिसतं. मुलीला कँडिड फोटो हवेत, ह्यांना सगळ्या पाहुण्यांचे ग्रुप फोटो. निवड कशी करावी?
— एक वधूमाय, कराड

उत्तर : ताई, दराचं नंतर बघू. आधी तिघांनाही सांगा, "एकाच लग्नाचे सगळे फोटो दाखवा, हळदीपासून पाठवणीपर्यंत." इन्स्टाग्रामवर पन्नास लग्नांतले पन्नास फोटो असतात. तुम्हाला बघायचंय ते साध्या कार्यालयात, जांभळ्या एलईडीखाली नवरीचा चेहरा कसा आलाय ते. पंगतीत बसलेल्या आजी आहेत का? की नुसते दागिने, मेंदी आणि चपला? जो पूर्ण लग्न दाखवायला कां-कू करतो, त्याचं नाव मी तिथेच खोडेन.

तीस वर्षं मी लग्नाचे फोटो काढतोय. सुरुवात ३६ फोटोंच्या रोलवर झाली, त्यामुळे कुठल्या क्षणी कुठे उभं राहायचं याचा विचार तेव्हापासून अंगात मुरलाय. अंतरपाटाचंच घ्या. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की मामा, करवल्या, मित्रमंडळी, सगळे मोबाइल उंचावून पुढे सरकतात. 'सावधान' होतं, कापड बाजूला होतं आणि दोघं एकमेकांकडे बघतात. ती नजर जेमतेम दोन सेकंदांची. लगेच अक्षता, वाजंत्री, हार. कापडाच्या रेषेत, एका टोकाला जो उभा असतो त्यालाच दोन्ही चेहरे एकदम मिळतात. म्हणून मी सकाळीच गुरुजींना विचारून ठेवतो, कापड कोणत्या बाजूला काढून घेणार? तुमच्या तिघांनाही विचारा, "अंतरपाटाच्या वेळी तुम्ही कुठे उभे असता?" ज्यानं हे काम जीव लावून केलंय तो हातवारे करून जागा दाखवेल.

दुसरा प्रश्न कॅमेऱ्याचा. फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतात का, एवढंच विचारा. २०१३ साली माझ्याकडे एका कार्डाचा कॅमेरा होता. एका लग्नात संध्याकाळचं कार्ड बिघडलं, जेवणानंतरचं सगळं गेलं. मी पैसे परत केले. नवरीच्या आईनं पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही. फोनवर एवढंच विचारलं, "झालीचा एक तरी आहे का हो?" वेळूच्या टोपलीतले कणकेचे दिवे, सासरच्यांच्या डोक्यावर टेकवलेली ती झाल, लेक सोपवताना त्या माउलीचा थरथरणारा हात... मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, पण देऊ शकलो नाही. तेव्हापासून दोन कार्डांशिवाय मी काम घेत नाही.

आता मुलीचं आणि साहेबांचं. दोघांचंही बरोबर आहे, पण एका माणसाकडून दोन्ही होणार नाही. नवरी खोलीत तयार होत असते तेव्हाच बाहेर पाहुणे जमत असतात. म्हणून कँडिडला एक, पारंपरिक फोटोंना एक, व्हिडिओचा वेगळा. ५५ हजारांत किती माणसं येणार आणि दीड लाखांत काय वाढतं, ते विचारा. ड्रोनमुळे दर वाढला असेल तर तो काढायला सांगा. छपराखालच्या लग्नात त्या पैशांत एक माणूस वाढवलेला बरा. ग्रुप फोटोंसाठी सगळ्या नातेवाइकांना ओळखणारा एखादा आतेभाऊ फोटोग्राफरच्या सोबत द्या. म्हाताऱ्या मंडळींचे फोटो पंगतीआधी उरकून घ्या.

ठरलं की कागदावर घ्या : प्रत्यक्ष कोण येणार त्याचं नाव, वेळ, अल्बमची पानं, किती दिवसांत मिळणार, सगळ्या मूळ फाइली मिळणार का, १८ टक्के जीएसटी धरून की वेगळा. पैसे तीन टप्प्यांत द्या आणि शेवटचा टप्पा अल्बम हातात आल्यावर. आणखी एक. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले मालक तुम्ही असता, उलट करार केला नसेल तर. म्हणून सही करण्याआधी बारीक अक्षरातलं वाचा. मुलीचे फोटो विचारल्याशिवाय इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत, हेही त्यातच लिहून घ्या.

मला विचाराल तर ९० हजारवाल्यापासून सुरुवात करा, पण भेटीला मुलीला सोबत न्या. हळदीच्या सकाळपासून तो माणूस तिच्या चार हातांवर असणार आहे. त्याच्यासमोर ती मोकळी बोलते का, ते तुम्हाला दहा मिनिटांत दिसेल. आणि हे याच आठवड्यात करा, मार्गशीर्षातल्या तारखा दिवाळीआधीच भरून जातात.