सासुरवाडी थायलंडची : व्हिसाच्या कागदांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं लग्न पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली झालं. पत्नी थाई आहे. आता आम्ही चियांग मायला राहायला जाणार आहोत. व्हिसा न घेता जाऊन पुढचं सगळं तिथंच केलं तर चालेल का? आणि थाई पत्नीच्या आधारे राहण्यासाठी खात्यात दाखवायचे ते चार लाख बाट नेमके कधी ठेवायचे?

उत्तर : चालतं, पण आमचा सल्ला इथूनच ‘नॉन-इमिग्रंट ओ’ व्हिसा, म्हणजे थाई जोडीदार असलेल्यांना मिळणारा व्हिसा, घेऊन निघण्याचा. व्हिसाविना मिळालेला शिक्का तिथं बदलून घ्यायचा तर टीएम.८७ अर्ज (टीएम म्हणजे थाई इमिग्रेशनचे छापील अर्ज), २,००० बाट फी आणि शिक्क्याचे किमान १५ दिवस शिल्लक लागतात. पैसेही त्याच वेळी थाई खात्यात दाखवावे लागतात, आणि पर्यटकाच्या शिक्क्यावर खातं उघडायला बऱ्याच शाखा नकार देतात. खात्यासाठी व्हिसा आणि व्हिसासाठी खातं, अशी ती कोंडी असते. भारतातून ‘ओ’ व्हिसाचा अर्ज जानेवारी २०२५ पासून थाई ई-व्हिसा पद्धतीने घरबसल्या करता येतो.

‘ओ’ व्हिसावर उतरलात की ९० दिवस मिळतात. लोक ज्याला ‘मॅरेज व्हिसा’ म्हणतात ती खरं तर या ९० दिवसांवर मिळणारी एक वर्षाची मुदतवाढ: अर्ज टीएम.७, फी १,९०० बाट. हा अर्ज साधारण शेवटच्या ३० दिवसांत घेतात आणि त्या दिवशी पैसे खात्यात पडून दोन महिने झालेले हवेत. नव्वदातून साठ गेले, हातात उरले तीस. एवढ्यात खातं उघडून भारतातली रक्कम तिथं पोचायला हवी, म्हणून बँकेचं काम पहिल्याच आठवड्यात काढा.

खातं फक्त तुमच्या नावावर हवं. पत्नीबरोबरचं संयुक्त खातं धरत नाहीत. नेमके चार लाख ठेवू नका. एटीएम कार्डाची फी कापली गेली, शिल्लक चार लाखांखाली आली, की दोन महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दहा-वीस हजार जास्तीचे असू द्या. अर्जाच्या दिवशी सकाळी शे-दोनशे बाट भरून पासबुक छापून घ्या आणि बँकेचं पत्रही त्याच तारखेचं घ्या. महिना ४०,००० बाट उत्पन्नाचा पर्याय आहे, पण तो सोपा जातो थायलंडमध्येच वर्क परमिटवर नोकरी करून कर भरणाऱ्यांना.

रक्कम भारतातून पाठवताना आणखी एक गोष्ट. चार लाख बाट म्हणजे दहा लाख रुपयांच्या आसपास किंवा वर. एका आर्थिक वर्षात दहा लाखांपुढे जे जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे रक्कम पाठवतानाच वसूल होणारा आयकर, कापते. विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. तारखा जुळत असतील तर थोडी रक्कम ३१ मार्चच्या आत आणि उरलेली नंतर पाठवा. रक्कम परदेशातून आल्याचा कागद थाई बँकेकडून मागून ठेवा, काही कचेऱ्या तो बघतात.

आता लग्नाचा दाखला. पुण्याचा दाखला तिथं जसाच्या तसा चालत नाही. आधी मंत्रालयाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग थाई वकिलातीचं. त्यानंतर थाई भाषांतर, त्यावर बँकॉकच्या चेंग वत्थना इथल्या थाई परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर विभागाचा शिक्का, आणि शेवटी पत्नीसह तिच्या आम्फोत, म्हणजे तालुका कचेरीत, नोंद. तिथं ‘कोर रोर २२’, म्हणजे परदेशात झालेल्या लग्नाच्या नोंदीचा दाखला, मिळतो. इमिग्रेशनला हवा असतो तो हा कागद. लग्न थायलंडमध्येच नोंदवलेल्यांकडे कोर रोर २ (विवाहाची नोंद) आणि ३ (विवाहाचा दाखला) असतात. त्यातल्या कोर रोर २ ची ताजी प्रत आम्फोतून काढून न्या, वर्षापूर्वीची परत करतात.

अर्जाला फोटो लागतात: घर क्रमांकाच्या पाटीसमोर दोघं, बैठकीत दोघं, झोपायच्या खोलीत दोघं. सोबत घराचा हाताने काढलेला नकाशा आणि बऱ्याच ठिकाणी शेजारचा एक साक्षीदार, ओळखपत्रासह. अधिकारी घरी येऊन पाहूनही जातात. हा संशय तुमच्यावरच आहे असं समजू नका. लग्न केवळ कागदावरचं नाही ना, एवढंच त्यांना बघायचं असतं. पत्नी स्वतः हजर हवी, तिचं ओळखपत्र आणि निळं घरपुस्तक (ताबियन बान) मूळ स्वरूपात. तुम्ही त्या पत्त्यावर राहता ही घरमालकाची टीएम.३० सूचना २४ तासांत दिलेली नसेल तर अर्ज तिथंच अडतो. घर पत्नीचं असलं तरी ही सूचना द्यावीच लागते.

पहिल्या भेटीत ३० दिवसांचा ‘विचाराधीन’ शिक्का मिळतो आणि वर्षाचा त्यानंतर. वर्ष जुनी मुदत संपल्यापासून मोजतात, त्यामुळे दिवस वाया जात नाहीत. तोवर चार लाखांना हात लावू नका. अंतिम शिक्क्यानंतर ते खर्च करता येतात. निवृत्तीच्या मुदतवाढीत मात्र तशी मोकळीक नाही.

प्रश्न : मी मूळची नाशिकची, नवरा थाई. मलाही चार लाख दाखवावे लागतील?

उत्तर : नाही. मुदतवाढीची ही अट थाई स्त्रीशी लग्न केलेल्या परदेशी नवऱ्याला आहे. बाकी कागद, फोटो आणि घरपुस्तक मात्र सारखेच.

प्रश्न : आमचं लग्न झालेलं नाही. मुलगी चार वर्षांची, जन्मदाखल्यावर वडील म्हणून माझं नाव आहे. तरी तिच्या आधारे केलेला मुदतवाढीचा अर्ज इमिग्रेशनने घेतला नाही.

उत्तर : थाई दिवाणी कायद्यात अविवाहित आईचं मूल कायद्याने आईचंच. जन्मदाखल्यावरचं नाव बापाला हक्क देत नाही. तीन वाटा आहेत: आईशी लग्न, आम्फोत पितृत्वाची नोंद, किंवा न्यायालयाचा निकाल. आम्फोतल्या नोंदीला आईबरोबर मुलाचीही संमती लागते, आणि चार वर्षांच्या मुलीला ती समजून देता येणार नाही म्हणून बहुधा बालक व कुटुंब न्यायालयात पाठवतात. त्यामुळे व्हिसाच्या तारखा न्यायालयात जाणारा वेळ हिशेबात घेऊन धरा. लग्न करणारच असाल तर तोच सर्वांत छोटा रस्ता. नोंद झाल्यावर मुलीच्या आधारे मुदतवाढ मिळते. पैशांची अट तीच, मुलगी २० वर्षांच्या आतली, अविवाहित आणि तुमच्यासोबत राहणारी हवी.

प्रश्न : पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव आहे, बँकेत नाही. भाषांतरकाराने थाईत तिसरंच लिहिलं. चालेल?

उत्तर : आपल्याकडच्या तिहेरी नावांचा हा कायमचा ताप. बँकेला पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव घालायला लावा. थाई लिपीतलं नाव एकदाच ठरवून चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि प्रत्येक भाषांतरकाराला तेच द्या. कोर रोरवर एक आणि घरपुस्तकात दुसरं झालं तर दुरुस्तीला आम्फोत नव्याने खेटे. पत्नीने आडनाव बदललं असेल तर तिचं ओळखपत्र, घरपुस्तक आणि पासपोर्ट आधी एकसारखे करून घ्या.

प्रश्न : वर्षाची मुदतवाढ आहे. गणपतीला गावी येऊन परत जाऊ शकतो ना?

उत्तर : निघण्याआधी टीएम.८ भरून री-एंट्री परमिट घेतलं तरच: एकदाचं १,००० बाट, अनेकदाचं ३,८०० बाट. न घेता देश सोडला की मुदतवाढ रद्द आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. परतल्यावर ९० दिवसांच्या हजेरीची, म्हणजे दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवण्याची (टीएम.४७), मोजणीही नव्याने सुरू होते. ती १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत देता येते, चुकली तर २,००० बाट दंड. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बाट, कमाल २०,०००.

प्रश्न : बँकॉकमध्ये मुलगा झाला, आई थाई. त्याला भारतीय पासपोर्टही काढता येईल का?

उत्तर : दोन्ही पासपोर्ट एकाच वेळी नाही. थाई आईमुळे तो जन्मतः थाई आहे. भारतीय नागरिकत्वासाठी जन्मापासून वर्षभरात दूतावासात नोंदणी करावी लागते आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचं लिहून द्यावं लागतं. थायलंडमध्येच राहणार असाल तर थाई पासपोर्ट आणि त्यावर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड ही जोडी बरी. वडील भारतीय नागरिक असल्याने अल्पवयीन मुलाला ते मिळू शकतं. तुमच्या स्वतःच्या मुदतवाढीलाही त्याचं थाई असणंच उपयोगी पडतं.