मांडवावरची वेल आणि पार्रा आडनाव

प्रश्न : ताई, आमची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी एक्सपोर्टवाल्यांसोबत चिली देशातून एक सल्लागार बाग बघायला आले होते, आडनाव पार्रा. आमचे हे म्हणाले, गोव्याच्या पर्रीकरांपैकी कुणीतरी पोर्तुगीजांसोबत तिकडे गेलेलं असणार. असं असेल का? आणि त्यांच्या कार्डावर दोन दोन आडनावं का होती?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ताई, पत्र वाचून फार आनंद झाला, कारण गेली बरीच वर्षं मी नाशिकमधे स्पॅनिश शिकवते आणि हा शब्द आला की मुलांना दरवेळी निफाड-दिंडोरीच्या बागाच आठवायला सांगते. पार्रा म्हणजे मांडवावर चढवलेली द्राक्षवेल. नुसत्या वेलीला स्पॅनिशमधे बिद म्हणतात, द्राक्षाला उबा, बागेला बिन्या, पण तीच वेल खांब-तारा लावून वर घेतली, डोक्यावर पसरवली, की ती पार्रा. आणि तुमच्या पाहुण्यांच्या चिलीत तर खायच्या द्राक्षाच्या मांडवाला पार्रोनच म्हणतात, म्हणजे तो माणूस तुमच्या मांडवाखाली उभा राहिला तेव्हा स्वतःच्या आडनावाखालीच उभा होता बघा!

आता पर्रीकर. बार्देश तालुक्यात पर्रा नावाचं गाव आहे, त्यावरून पर्रीकर, जसं आपल्याकडे गावाला कर लावून आडनाव होतं तसंच, आणि त्या गावावरचा तुमच्या पाहुण्यांचा हक्क मात्र सोडून द्यायचा, कारण उच्चार सारखा आहे एवढ्यावरून नातं जोडता येत नाही. शिवाय चिली पोर्तुगीजांकडे कधी नव्हतंच, तिथे स्पेनचं राज्य होतं, सांतियागो शहर 1541 मधे पेद्रो दे बाल्दिव्हियाने वसवलं आणि 1818 मधे देश स्वतंत्र झाला. गंमत म्हणजे पोर्तुगीजमधेही पार्रा शब्द आहे पण तिथे त्याचा अर्थ द्राक्षाचं पान. त्यांची म्हण आहे, पार्रा खूप नि उवा (द्राक्षं) थोडी, म्हणजे पाला भरपूर आणि घड मोजकेच. हे तुम्हाला मी काय समजावणार, बागेत पाला जास्त झाला की काय होतं ते तुम्हीच मला सांगाल.

मग आडनाव कसं झालं? दोन वाटा सांगता येतात. एक, घराच्या दारात किंवा अंगणात असा मांडव होता म्हणून लोक त्या घरालाच तसं म्हणायला लागले. दुसरी, गावाचं नाव. स्पेनच्या एस्त्रेमादुरा भागात बादाखोस प्रांतात ला पार्रा नावाचं गाव आजही आहे, तिथून बाहेर पडलेला माणूस दे ला पार्रा, म्हणजे ला पार्राचा, आपल्या कर सारखंच झालं की. म्हणून पार्रा आडनाव दिसलं की खापरपणजोबा द्राक्षवालेच होते असं धरून चालू नका, अनेक पार्रांनी वेलीला हातही लावलेला नसेल. चिलीचे कवी निकानोर पार्रा हे 1914 ला जन्मले, 103 वर्षं जगले, शिकवायचे फिजिक्स! त्यांची बहीण बियोलेता पार्रा, लोकगीतं गावोगाव फिरून गोळा करणारी आणि स्वतः गाणी रचणारी, चिलीत तिचं नाव माहीत नाही असा माणूस विरळाच. आणि चिलीचेच कवी पाब्लो नेरुदा जन्मले ते गाव पार्राल, त्याचाही अर्थ मांडवावरच्या वेलींचा मळाच.

दोन आडनावांचं असं की परंपरेने पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. निकानोर आणि बियोलेता दोघं पार्रा सांदोवाल, वडील पार्रा, आई सांदोवाल. लग्नानंतर बाईने नाव बदलायचा प्रश्नच नाही, माहेरचं आडनाव आयुष्यभर तिचं तिच्याकडे. स्पेनमधे 1870 च्या नोंदणी कायद्याने दोन आडनावांची पद्धत सरकारी कागदावर पक्की झाली. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, नाहीतर नवऱ्याचं, आईचं नाव लिहायला लागलो ते अगदी अलीकडे, म्हणून मला ही पद्धत मनापासून आवडते.

एक विनंती, त्यांचं नाव मोबाइलमधे सेव्ह करताना आर दोन टाका. एक आर टाकला तर पारा होतं, स्पॅनिशमधे त्याचा अर्थ 'च्यासाठी'. बोलतानाही र जिभेने चांगला घोळवायचा, र्र्र.

प्रश्न : मॅडम, माझ्या स्पेनमधल्या मित्राने ऑनलाइन पैसे भरून आडनावाचा इतिहास आणि कुलचिन्ह मागवलं, फ्रेम करून भिंतीवर लावलंय. ते खरं असतं का?
– ओझर

उत्तर : मित्राला वाईट वाटेल पण नाही. कुलचिन्ह अख्ख्या आडनावाला मिळत नाही, ते एखाद्या माणसाला किंवा एका घराण्याला दिलेलं असतं, आणि तेच आडनाव असलेल्या बाकीच्या हजारो घरांचा त्याच्याशी काही संबंध नसतो. खरी माहिती हवी तर चर्चच्या वह्या बघाव्या लागतात, 1563 मधे ट्रेंट इथल्या कॅथलिक धर्मसभेने लग्न आणि बाप्तिस्म्याची नोंद ठेवायचा नियम केला तेव्हापासून स्पेनच्या गावागावात त्या आहेत. हे काम आपल्या पंचवटीतल्या किंवा त्र्यंबकच्या गुरुजींच्या वंशावळीच्या वह्यांसारखंच असतं बघ. तिथे गेलास की तेही आधी गाव विचारतात, मग आजोबा-पणजोबांची नावं, मग वही काढतात. मित्राला सांग, आजी-आजोबा चौघांची दोन्ही आडनावं आणि गावं लिहून काढ, आणि आजी हयात असेल तर ह्याच रविवारी फोन कर.